लॅपटॉपला दुपार दाखवली तेव्हा

आमच्या घरी पावसाळ्यात पेज असायची आणि उन्हाळ्यात वरण-भात. ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण आमचं पोट मोटरींवर चालायचं. बाबा चंद्रपुरात मोटर वाइंडिंगचं काम करत. मे महिन्यात आमच्याकडे कूलरच्या मोटरी जळतात, बोअरचे पंप बसतात, पिठाच्या चक्क्या बंद पडतात. लोकांचे हाल ते आमचे दिवस. पाऊस लागला की कोणाला कशाची घाई नसे, आणि बाबा पायरीवर बसून रस्त्यानं कोणी मोटर घेऊन येतंय का बघत राहत.

खोली एकच, पत्र्याची. त्यात आम्ही तिघं आणि दुसऱ्यांच्या मोटरी. आई लाकडी साच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घालायची, तोंडानं मोजत, आणि मोजताना तिच्याशी बोललेलं चालत नसे. मला भूक लागली तरी वेढे संपेपर्यंत थांबायचं. तेंदूपत्त्याच्या हंगामात ती मला घेऊन धानोऱ्याकडे माहेरी जायची, विडीची पानं तोडायला. तेवढे दिवस बाबा एकटेच वेढे मोजत आणि चुकत. शाळेत माझ्या शेजारी बसणारी पोरगी नाक दाबून म्हणायची, "हिच्या अंगाले वार्निशचा वास येते." येत होता. मी काय करणार? आमच्या भांड्यांनाही येत होता.

बाबांना अक्षरं येत नव्हती, पण मोटरीच्या पाटीवरचे आकडे ते घडाघडा वाचत. व्होल्ट, अँपिअर, वॅट. धानोऱ्याच्या पलीकडच्या त्यांच्या खेड्यात वीज नव्हती. लहानपणी बाजारच्या गावी धानगिरणीची मोटर पाहिली आणि हे आतून कोण फिरवतं, एवढंच बघायला म्हणून ते शहरात आले, असं ते सांगत. आई म्हणायची, "बघाले आले अन् इथीच बसले."

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. आमच्या नात्यात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी उगाच मान खाली घालून सांगणार नाही. अभिमान वाटतो, म्हणून सांगते.

पदवी झाली, आणि पदवीनं लगेच काही झालं नाही. मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले आणि खदानींची मोजणी करणाऱ्या एका साहेबांच्या ऑफिसात लागले. चंद्रपूरभोवती कोळशाच्या उघड्या खदानी आहेत. जमीन पायऱ्या-पायऱ्यांनी खाली खोदत नेतात आणि वरची माती बाजूला डोंगरासारखी रचतात. साहेबांची माणसं मापं आणायची, मी नकाशा काढायची. कोपऱ्यात सही आणि नाव दुसऱ्याचं.

तो दोन हजार सातचा किंवा आठचा उन्हाळा असेल. एका खदानीच्या इंजिनिअरला सपाट नकाशा नको होता. त्याला खड्डा पडद्यावर जसाच्या तसा उभा हवा होता, सगळीकडून फिरवता येणारा, आणि तोही ऑफिसात नाही, खदानीवर, कामाच्या जागी. साहेबांनी मला बोलावलं.

"असा उभा खड्डा काढायचं तू आपल्या मनानं शिकलीस म्हणतात. जमते का?"

"जमते सर. पण ऑफिसचा कॉम्प्युटर नाही पुरणार. खड्डा फिरवला की तो झोपतो."

"मग मशीन तुझं, काम तुझं. पगारावर नाही, स्वतंत्र. नकाशावर नाव तुझं राहील. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये साइटवर चालवून दाखव. नाही जमलं तर नागपूरची एक कंपनी बसलीच आहे टपून."

एवढंच बोलून त्यांनी फोन उचलला. मी घरी येताना सगळा रस्ता 'नाव तुझं' एवढंच ऐकत आले.

मशीन घ्यायला मी आणि बाबा एसटीनं नागपूरला गेलो. पैसे माझ्या पगारातले, साठवलेले. त्याची कहाणी नाही. सीताबर्डीत एका जिन्याच्या वर छोटं दुकान होतं. काचेचं दार, आत एसी असा की बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मी माझा खड्डा सीडीवर नेला होता. दुकानदार माझ्याच वयाचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं नेहमीच्या लॅपटॉपवर तो उघडला. खड्डा अर्धा वळला आणि अडकला.

"ताई, हे काय टाकून आणलं तुमी? जमीन हाय का काय हाय?"

"खदान आहे."

"खदान! अन् मले वाटलं गेम हाय." तो खुर्चीतून उठला. "तुमाले गेमवाला लॅपटॉप लागन. तयार नाई भेटत तो, बनवा लागते. बाहेरून खोका येते, पडदा अन् खोका. आतमधी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आमी भरतो. गेम खेळणारे पोट्टे असे खोके हैदराबादवरून मागवून राह्यले."

मग अर्धा तास आम्ही नुसते प्रश्न विचारले. ग्राफिक कार्ड म्हणजे नेमकं काय करतं? रॅम वाढवली तर काय वेगळं दिसेल? बाबांना वेगळंच कुतूहल. त्यांनी टेबलावरचा चार्जर उचलला, वजन करून पाहिलं, मागची पाटी वाचली आणि माझ्याकडे वळले. "पोरी, हा तर घरच्या दोन पंख्यायएवढी वीज खाते. अन् फिरवत तर काईच नाई."

"खदान फिरवते ना बाबा."

"हो ना. खदान जड असन."

दुकानदाराला हे आवडलं. तो आम्हाला सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलाच नाही. ऑर्डर दिली, आणि पुढच्या आठवड्यात मशीन तयार झाल्याचा फोन आला. पुन्हा एसटी, पुन्हा जिना. लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवलेला, काळा, पाटीएवढा रुंद, आणि जाडी अशी की बाबा म्हणाले, "हा मांडीवर ठेवाचा हाय का मांडी याच्यावर ठेवाची?"

तपासणी म्हणून दुकानदारानं मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला आणि लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात सरकवला. तो पुरुषासाठीच घेतलेला असणार, असं त्याच्या मनात बसलं होतं. बाबांनी नकार दिला नाही. शिट्टी वाजली, सगळ्या गाड्या सुटल्या. बाबांची गाडी हळूहळू निघाली आणि पहिल्याच वळणावर थांबली.

"भाऊ, चालवा ना! बाकीचे पुढं गेले!"

"जाऊ दे. त्यायले घाई असन. ते दुकान कशाचं हाय रे बाजूले? मागं कशी घ्याची?"

बाबांनी गाडी मागं घेतली. रस्त्याकडेची दुकानं पाहिली, झाडाच्या सावलीत गाडी लावून पाहिली आणि सावली गाडीवर खरोखर पडते म्हटल्यावर मला हाताला धरून दाखवलं. शर्यत संपली तेव्हा ते सगळ्यात शेवटी होते आणि सगळ्यात खूश. मग त्यांनी उलटा हात लॅपटॉपच्या मागे धरला. मोटर तपासताना ते असंच करत, तळवा कधी लावत नसत.

"हे तर इस्त्री होऊन राह्यली."

"गेमवालं मशीन हाय भाऊ. गरम होतेच ते."

"इथी तुह्या एसीत एवढं, तं आमच्या पत्र्याखाली काय होईन? आमी मोटर दुपार दाखवल्याबिगर देत नाई."

दुकानदाराला कळलं नाही, म्हणून मी सांगितलं. बाबांच्या कामात एक रिवाज होता. नवी तार भरलेली मोटर सकाळी चालली म्हणून गिऱ्हाइकाला द्यायची नाही. बाहेर पत्र्याखाली पट्टा लावून ती बारापासून उन्हं उतरेपर्यंत ओझं ओढायला लावायची. त्याला दुपार दाखवणं म्हणायचं. दुपारी टिकली तर मोटर, नाहीतर भंगार. दुकानदार हसत सुटला. "दाखवा ना, दुपार दाखवा, संध्याकाळ दाखवा. आठवडाभरात बंद पडला तर घेऊन या. पण आतमधी स्क्रू खोलला तर माही जिम्मेदारी नाई."

परतताना बाबांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. वरोऱ्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हाही उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्डा उघडला. काय सांगू! ऑफिसात जो खड्डा मी दोन-दोन मिनिटं वाट बघत पाहायची, तो बोटाच्या टोकावर फिरत होता. पायऱ्या, उतारावरचे रस्ते, तळातलं पाणी, मातीचे ढिगारे. मी वरून आत उतरले, तळातून वर आभाळाकडे पाहिलं. ज्या जागेची मापं मी वर्षभर आकड्यांत काढली होती, तिथं मी पहिल्यांदा उभी राहिले असं वाटलं. आई साचा बाजूला ठेवून आली.

"येवढं मोठं भोक पाडलं त्यायनं? गावं कुठी गेले तिथचे?"

मी नकाशात गावं काढलीच नव्हती; माझ्याकडे त्यांची मापं नव्हती.

बारा वाजले. वर पत्रा तापून आवाज करायला लागला. लॅपटॉपचा पंखा ओरडू लागला, खड्डा झटके देत फिरू लागला, आणि मग पडदा काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा. तापमान दाखवणारी एक पट्टी मी उघडून ठेवली होती. ती लाल झाली की मशीन स्वतःच मरून जायचं. दुपार नापास.

मीटिंग पुढच्या सोमवारी होती. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, खाली हवा जायला जागा ठेवा, गोधडीवर ठेवू नका. गोधडीवर नव्हताच तो, पाटावर होता. पाटाखाली विटा लावल्या, तेच झालं.

आता जे केलं ते चंद्रपूरच्या माणसानंच करावं. आमच्याकडे ताप आला, पाहुणा आला, पोर रडलं, भाजी सुकली, काहीही झालं तरी पहिला उपाय कूलर. आई म्हणाली, "अवो, त्या कूलरसमोर ठेवा ना त्याले. माणूस निवते, तं ते नाई निवणार?" बाबांना पटलं. मलाही पटलं, मी बी.एस्सी. असून. लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडाशी ठेवला, टाकी भरली, नवी वाळ्याची ताटी लावली. आणि खरोखर चालला! बारा, एक, दोन. खड्डा मस्त फिरतोय, खोलीत वाळ्याचा वास. बाबांनी पडद्याकडे बघून मान डोलावली. आईनं आनंदानं भजी तळली.

उन्हं उतरली तशी खदान आपोआप फिरायला लागली.

कोणी हात लावला नव्हता. खड्डा गरगर डावीकडे वळत होता, थांबतच नव्हता. आई दोन पावलं मागं सरली. "काऊन फिरून राह्यली ते? तू तर इथी बसली."

मी बटणांवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. पडद्याच्या कडेला बारीक थेंब बसले होते. कूलरची हवा गार होती ती पाण्यामुळं, आणि ते पाणी दुपारभर आम्ही मशीनला पाजत होतो. बाणाचं बटण आतून चिकटलं होतं. मी पटकन बंद केलं, बॅटरी काढली. ओलं झालेलं मशीन कोण परत घेईल? सोमवार आणि नागपूरची ती कंपनी डोळ्यासमोर आली. मी पाटावर तशीच बसून राहिले.

"रडून राह्यली का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मंग उठ. वार्निश वाळवाचा पिंप रिकामा कर."

आमच्याकडे पत्र्याचा एक पिंप होता. वार्निश मारलेली मोटर त्यात ठेवायची आणि आत बल्ब लावायचा. मंद उबेनं ती आतपर्यंत वाळते. बाबांनी मोठा बल्ब काढून झिरोच्या बल्बच्या एक पायरी वरचा, बारका लावला. मी पिंप पुसून घेतला, वार्निशचा वास जावा म्हणून आईनं त्यात आधी मोहाच्या फुलांची टोपली उपडी करून ठेवली, त्यानं वास कसा जाणार ते तिलाच माहीत. लॅपटॉप उघडा करून आत आडवा ठेवला. आई मधून मधून झाकण सरकवून हात घालायची, खुडूक कोंबडीखाली हात घालतात तसा. "जास्त गरम नाई हाय. चाल्लं."

सकाळी तो बाहेर काढला. चालू झाला. बाणाचं बटण एक-दोनदा कुरकुरलं आणि नीट झालं. लॅपटॉपला किंचित मोहाचा वास येत होता, तेवढंच.

पण मूळ प्रश्न तिथंच होता. खदानीवर कूलर कुठून आणणार? आणि एक गोष्ट मला टोचत होती. एवढ्या मोठ्या खोक्यातून, एवढ्या आवाजातून, हवा नेमकी जाते कुठून कुठे? कोणी दाखवून दिलं नव्हतं. हवा काही दिसत नाही.

आई तेव्हा देवापुढं उदबत्ती लावत होती. धूर देव्हाऱ्यावरून तरंगत आला आणि पाटाजवळ आल्यावर खाली वाकला. मी बघत राहिले. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला, विटांच्या फटीतून, धूर आत ओढला जात होता, दोरा ओढावा तसा.

"आई, ती उदबत्ती दे."

"देवाची हाय वो!"

"मग दुसरी लाव."

मी उदबत्ती खालून डावीकडं धरली. धूर सुर्रकन आत. उजवीकडं नेली. धूर सरळ वर. पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं. खाली जाळ्या दोन होत्या, एकसारख्या. बाबा येऊन उकिडवे बसले.

"दोन पंखे असन याच्यात," ते म्हणाले. "पण एकच ओढून राह्यला."

"की दुसरा जोर लागल्यावरच फिरतो? आत्ता खड्डा बंद आहे."

"तं लाव जोर."

मी खड्डा चालू केला, गरगर फिरवला, खाली-वर केला. तापमानाची पट्टी चढायला लागली. उदबत्ती उजवीकडं धरली. धूर सरळ, काठीसारखा. बाबांनी उलटा हात उजव्या बाजूला धरला आणि झटकन मागं घेतला. डावीकडं धरून ठेवला, निवांत. तिसरी उदबत्ती आईनं स्वतः लावली आणि स्वतःच धरून पाहिली. तिला आमच्यावर भरवसा नव्हता. "हो वो," ती म्हणाली. "इकडून खाऊन राह्यलं, तिकडून नाई."

मी फोन लावला. "तुमच्या मशीनचा उजवा पंखा फिरत नाही."

"शक्यच नाई ताई. मी स्वतः बसवला."

"आम्ही उदबत्ती लावून पाहिलं."

पलीकडं तो हसला. मग, "लॅपटॉपची पूजा केली तुमी? नारळ फोडला का नाई?"

"फोडू. तुमच्या दुकानात येऊन."

घरातून निघताना आईनं मला खालच्या आवाजात बजावलं की कूलरचं सांगू नको, दुकानदार मशीन परत घेणार नाही. बाबांचंही तेच मत होतं. मी रस्ताभर विचार केला. वरोरा गेलं, जाम गेलं. ओलं मशीन कोरडं म्हणून त्याच्या गळ्यात मारायचं आणि मग त्याला चूक दाखवायची, हे काही मला जमणारं नव्हतं. दुकानात पोचल्याबरोबर मी सगळं सांगितलं. कूलर, थेंब, पिंप, बल्ब.

दुकानदार खर्रा थुंकायला बाहेर गेला. परत आला तो हसतच. "चंद्रपूरवाले सगळे असेच. मागं एका पोट्ट्यानं फ्रीजमधी ठेवला होता." मग त्यानं स्क्रू काढायला घेतले. "पण पंखा फिरत असला ना ताई, तर आजपासून काईही झालं तरी तुमचं तुमी पाह्यजा."

"चालेल."

मी चालेल म्हटलं, आणि बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर दुसरीकडं वळवली.

खालची पाटी निघाली. आत दोन पंखे, एकेक डबीएवढे. डावा पंखा, त्याची तार, तारेचं टोक बरोबर पिनेवर. उजवा पंखा, त्याची तार, आणि तारेचं टोक चिकटपट्टीखाली दबलेलं. पिन रिकामी.

त्यानं चिकटपट्टी सोलून टोक मोकळं केलं. बाजूला उभ्या गिऱ्हाइकासमोर त्यानं आवाज चढवला नाही, सबब सांगितली नाही. "खोका बंद करता करता राहून गेलं," एवढंच म्हणाला. "एसीत चालून गेलं. तुमचा पत्रा नसता तर कळलंच नसतं."

टोक पिनेवर बसवलं, चालू केलं. दोन्ही पंखे फिरले. बाबा टेबलावर वाकले होते. त्यांची नजर पंख्यांवर नव्हती. पंख्यांकडे जाणाऱ्या चपट्या तांब्याच्या पट्ट्यांवर होती. जन्मभर तांब्यात काम केलेला माणूस.

"हे तांबं भरीव हाय का पोकळ?"

"पोकळ भाऊ. आतमधी थोडंसं पाणी असते. गरम झालं का वाफ होते, पंख्याइकडं जाते, थंड होऊन परत येते."

"पाणी?"

"थेंबभर."

बाबा खुर्चीवर बसले. त्यांना हसू आवरेना. मला म्हणाले, "पाह्य पोरी! त्यायनं आधीच पाणी घातलं होतं. आपण वरून बादली ओतली." आणि मग दुकानदाराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्यानं एक जुनी, मोडकी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि घरी नेऊन कापून बघा म्हणाला. एसटीत या खेपेला लॅपटॉप माझ्या मांडीवर होता आणि बाबांच्या हातात ती पट्टी. ते तिला कानाशी नेऊन हलवत होते, पाणी वाजतं का बघायला.

पुढची दुपार आम्ही विटांवर, पत्र्याखाली, कूलर बंद ठेवून काढली. घामानं आम्ही निथळत होतो, लॅपटॉप चालत होता. तापमानाची पट्टी पिवळ्यावर जाऊन थांबली, लाल झाली नाही. शेवटी कंटाळा आला म्हणून बाबांनी तो शर्यतीचा गेम लावायला सांगितला. उन्हं उतरेपर्यंत ते गाडी फिरवत राहिले. एकदाही शर्यत जिंकले नाहीत, पण त्या गावातला एकेक रस्ता त्यांना पाठ झाला.

सोमवारी खदानीवर मीटिंग होती. तिथल्या केबिनची वीज गेलेली, म्हणून सगळे बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसले, जनरेटरच्या आवाजात. खाली खरा खड्डा, त्यातून मुंगीएवढाले डंपर वर येताहेत, आणि हवेत काळी धूळ. साहेबांनी मला पुढं बसवलं. इंजिनिअर मोठ्या मिशांचा, परगावचा. त्यानं आधी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हा आवाज कसला? आत विमान बसवलंय की काय?"

"दोन पंखे आहेत सर. दोन्ही फिरतात."

त्याला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मी खड्डा उघडला. उतरले, फिरवला, थांबवला. तो खुर्ची ओढून जवळ आला. "उत्तरेकडून दाखवा." दाखवलं. "हा ढिगारा नाल्यापासून किती लांब?" मोजून दाखवलं. "हा इकडं सरकवला तर?" सरकवला, ढिगारा सरकला, नाला मोकळा झाला. मग तो मला सोडेना. प्रत्येक वेळी बघायचा पडद्याकडं, मग उठून शेडच्या कडेला जाऊन खाली खऱ्या खड्ड्याकडं, मग परत. खरं आणि पडद्यावरचं एकच आहे का, हे तो स्वतः तपासत होता, आणि मला ते फार आवडलं. मी उलटा हात मागे धरला. गरम, पण धरता येण्याएवढं. बारा वाजून गेले, एक वाजला. माझं लक्ष तापमानाच्या पट्टीवर होतं. पिवळी. पिवळीच.

दीडच्या सुमारास सगळ्यांना भूक लागली आणि मीटिंग संपली. इंजिनिअर आमच्या साहेबांकडं वळून म्हणाला, "पुढच्या सगळ्या खड्ड्यांचं असंच हवंय. यांच्याकडूनच."

साहेब म्हणाले, "ह्यांचं ह्यांना विचारा. त्या आता माझ्याकडं नोकरीला नाहीत."

स्वतंत्र म्हणजे हे एकच काम, असं मी धरलं होतं; नोकरी सुटल्याचं कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. मी इंजिनिअरला हो म्हटलं.

त्या खदानीचं काम मला मिळालं, आणि त्यानंतर आणखी खदानींचं. पहिल्या नकाशात मी खड्ड्यात गेलेल्या गावांच्या जागाही काढल्या, जुने कागद शोधून. कोपऱ्यात नाव माझं होतं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी होतेच. त्या उन्हाळ्यात मी आमच्या घरातली स्वतःच्या नावानं काम घेणारी पहिली बाई झाले.